सतरा नंबरचं गाणं

विलासनं स्पीकरवर बासरी लावली आणि तृप्तीचे हात थांबले.

उरवड्याच्या त्या कारखान्यात रबरी रिंगा तपासायच्या टेबलाशी पाच बायका बसत. तृप्ती त्यांत सगळ्यांत लहान, चोवीस वर्षांची, आणि स्वमग्न. काम सुरू झालं की तिचं अंग मागंपुढं डुलायचं. दहा-बारा रिंगा झाल्या की दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलले जायचे, भराभर झटकले जायचे आणि परत ट्रेमध्ये यायचे. हात कसे हलणार ते स्पीकरवर काय लागलंय त्यावर ठरायचं. सिनेमातलं गाणं असलं की बोटं कानाजवळ जाऊन थरथरायची. भजनाला नुसतं डोलणं. ढोल-लेझीम लागलं की हात पार डोक्याच्या वर. बासरीला मात्र काहीच नाही. विलास सुपरवायझरला हा शोध मागच्या आठवड्यात लागला होता.

"आज हेच राहू दे," तो केशरबाईला म्हणाला. "अकरा वाजता आपल्या रिंगा घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं येणारेत. पोरीचे हातवारे त्यांना दिसायला नकोत. दिसले, तर उद्यापासून तिला घरीच ठेवा."

केशरबाई तृप्तीच्याच माले गावची. रोज तिला बरोबर घेऊन यायची. "तिलाच सांगा की, साहेब," ती म्हणाली. "ती हितंच बसलीया. तिला कान हायेत."

 विलास तृप्तीकडे न बघता गेटकडे निघून गेला.

बासरी संपली की पुन्हा तीच सुरू होत होती. तृप्तीचे खांदे कानांना टेकले. जबडा आवळला गेला. रिंगेवरून बोट फिरवताना कुठून सुरुवात केली ते तिला आठवेना, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून फिरवी. साडेदहाला बाकीच्या बायकांचे दोन-दोन ट्रे झाले होते. एरवी सगळ्यांच्या पुढं असणाऱ्या तृप्तीचा पहिलाच ट्रे अजून अर्धा उरलेला.

"काय होतंय गं?" केशरबाईनं विचारलं.

"हात थांबलेत, मावशी. आत काय थांबलं न्हाई."

अकराला पाहुणे आले. दोन पुरुष आणि मेधा नावाच्या एक बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात तक्ता. विलास पुढं होऊन सगळं समजावत होता. मेधा या टेबलाशी आल्या आणि थांबल्या. तृप्ती एक रिंग हातात धरून बसली होती. ती रिंग फिरत नव्हती, खालीही ठेवली जात नव्हती.

"यांचं काम थांबलंय का?"

विलास वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हात चालव."

"कुठले?" तृप्तीनं नेहमीच्या आवाजात विचारलं.

"कुठले म्हणजे? कामाचे."

"मला दोनच हात हायेत. तुमी थांबवले ते हेच."

ती उठली. भिंतीवरच्या फळीवर स्पीकर होता. तिकडं जाऊन ती पुढच्या गाण्याचं बटण दाबू लागली आणि गाण्यांचे नंबर मोठ्यानं मोजू लागली. पाच, सहा, सात. विलास तिच्या मागं दोन पावलं गेला, पण पाहुण्यांदेखत तिला धरून ओढणं त्याला जमेना. चौदा. पंधरा. सतराला ती थांबली. ढोल सुरू झाला, मागोमाग लेझीम.

ती जागेवर येऊन बसली.  केशरबाईनं स्वतःच्या हातातली रिंग घट्ट दाबून धरली होती. मग तृप्तीचे हात उठले. डोक्याच्या वर गेले, एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा झटकले, बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. तिनं मोठा श्वास सोडला. हात खाली आले आणि कामाला लागले. तीन रिंगा उजवीकडे गेल्या. चौथीच्या कडेला चीर होती. ती तिनं न बघताच खराब मालाच्या लाल डब्यात टाकली.

"मॅडम, पोरगी जरा आजारी असते," विलास म्हणाला.

"मी आजारी न्हाई." तृप्तीनं मान वर केली नाही. "मी स्वमग्न हाय. माजे हात असेच असत्यात. बासरीला मी गप दिसते. बरी नसते."

मेधांनी विलासकडे पाहिलं. तक्त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. काय लिहिलं ते कुणालाच दिसलं नाही.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्यावर विलास परत आला. त्यानं स्पीकर बंद केला.

"आत गोडाऊनमध्ये जाऊन बसायचं. तिथं काय हलवायचं ते हलव."

"मी हितंच काम करणार."

"मी सांगतोय ना."

"ऐकलं मी. हितंच करणार."

बाकीच्या बायका खाली मान घालून रिंगा फिरवत होत्या. तृप्तीचा ट्रे संपला. ती नवीन आणायला उठली, तेवढ्यात विलासनं तिचं स्टूल उचललं आणि आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं.

"आता बस," दारातून तो म्हणाला.

तृप्ती ट्रे घेऊन आली. मोकळ्या जागेकडे तिनं एकदा पाहिलं. केशरबाई आपलं स्टूल पुढं सरकवायला लागली, तर तृप्तीनं मान हलवली. "नगं, मावशी."

ट्रे टेबलावर ठेवून ती उभ्यानं कामाला लागली. स्पीकर बंदच होता. ठेका तिनं तोंडानं धरला, आधी हळू, मग केबिनपर्यंत ऐकू जाईल इतका. अंग डुलू लागलं. बाराव्या रिंगेला हात वर गेले.

उभं राहिल्यानं त्यांना जास्त जागा मिळत होती.