उरलीसुरली फुलं

मासिकातलं चित्र बघून शकुंतलेनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत फुलं मांडली, आणि सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"असली थेरं मडमांच्या बंगल्यात शोभतात! सोलापुरातल्या या उन्हात चार झाडं जगवायची ती काय बरणीसाठी? आधी देवाला, मग उरलीसुरली तुला."

तेव्हापासून टपोरी फुलं परडीतून थेट देवघरात जायची, आणि शकुंतलेच्या वाट्याला यायची पाकळ्या झडलेली तगर नाहीतर किडका गुलाब. तीही हट्टाची. त्यातूनच रोज काहीतरी देखणं उभं करायची. सासूबाई जाता-येता नाक मुरडायच्या. पण मुरडायला का होईना, बरणीपाशी थांबायच्या.

मग शकुंतला आठ दिवस बार्शीला माहेरी जाऊन आली. ओसरीवर पाऊल टाकलं आणि बघतच राहिली. बरणीत लालभडक जास्वंदी, भोवती पांढरी शेवंती, मागं कण्हेरीची उंच डहाळी. देवघरात मात्र बाळकृष्णापुढं तुळशीचं एकच पान!

"सासूबाई, देवाला फुलं नाहीत?"

 

"त्याचं भागतंय की तुळशीवर! तू आधी हे बघ, डावीकडं जरा ओकंबोकं नाही वाटत?"