शेजारची रिकामी सीट

विमानात शेजारची सीट रिकामी राहावी म्हणून नवऱ्याने जादा पैसे भरले होते. "हवेचेही पैसे घेतात लेकाचे," असं कुरकुरत का होईना, पण भरले. "बाळाला घेऊन एकटीच जाणारेस, जरा ऐसपैस बसता येईल."

बाळाने मात्र विमान उडाल्यापासून टाहो फोडला होता. थोपटल्याशिवाय ते झोपायचं नाही, आणि थोपटून थोपटून तिचे हात गळून गेले होते. पुढच्या रांगेतले आजोबा सारखे मागे वळून बघत होते. शेवटी तिने बाळाचं डोकं मांडीवर घेतलं, त्याचे पाय रिकाम्या सीटवर सोडले, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

दचकून जागी झाली तेव्हा बाळ गाढ झोपलं होतं. थप थप, थप थप. काय छान लय लागलीये, असं तिला वाटलं. मग तिने आपले हात पाहिले. एक बाळाच्या मानेखाली होता, दुसरा नुसताच लोंबत होता.

थाप पडेल तिथे बाळाला गुंडाळलेल्या दुपट्यावर छोटा खळगा उमटत होता. शेजारची गादीही दबलेली होती.

ओरडावं की काय, तिला कळेना. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी न सांगता बाळ सांभाळत होतं. तिचे डोळे भरून आले.

विमान उतरू लागलं. हवाई सुंदरी लांबूनच म्हणाली, "ताई, बाळाला जवळ घ्या हं."

"फार उपकार झाले तुमचे," ती रिकाम्या सीटकडे बघून पुटपुटली. "आता द्या माझ्याकडे."

तिने दुपटं अलगद ओढलं.

पलीकडून ते तितकंच अलगद ओढलं गेलं.