मंडळी दमली

पुंजाराम पुन्हा थांबला, म्हणून लंकाबाई थांबली. ती थांबली म्हणून तिच्या मागचे अकराजण थांबले. पायवाट एका माणसापुरती. डावीकडे कारवीची झाडी, उजवीकडे सरळ खाली कोकण. मागच्यांनी पुढे जायचं तर लंकाबाईला ओलांडून, आणि लंकाबाईने पुढे जायचं तर नवऱ्याला ओलांडून. ते काही होण्यातलं नव्हतं. तिसगावात नवरा पुढे चालतो आणि बायको चार पावलं मागे. बाजाराला तसंच, लग्नाला तसंच, आणि बायको आजारी असली तर दवाखान्यातसुद्धा तसंच. अकोले तालुक्याच्या डोंगरात आलं म्हणून रीत कुठं बदलते?

डॉक्टरांनी पुंजारामला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. गड्याने एकदम सह्याद्रीच्या धारेवरची नऊ दिवसांची मोहीम उचलली, तिसगावच्या कट्ट्यावर जाहीर करून टाकली आणि गोळ्यांची आठवण करून द्यायला बायको सोबत घेतली. आज तिसरा दिवस. त्याचे गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागले होते. लंकाबाईचं उलट झालं होतं. डोक्यावर भारा नाही, कुणाचा चहा नाही, धार काढायची नाही, नुसतं चालायचं. असलं चालणं जगात असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आता तिला ते शेवटपर्यंत चालायचं होतं. तिने तसं कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच कुणी नव्हतं.

"मॅडम, जरा थांबा," पुंजाराम धापा टाकत म्हणाला. "मंडळी दमली."

सगळ्यांच्या पुढे राजनंदिनी होती. नगर शहरातली पोरगी, गळ्यात शिट्टी, मोहिमेची लीडर. तिच्या मागे चालायला पुंजारामला काही वाटत नव्हतं. परक्या पोरीच्या मागे चाललं की माणूस सुधारलेला, आणि बायकोच्या मागे चाललं की बाईलवेडा.

मंडळी दमली म्हटलं की राजनंदिनी शिट्टी मारायची आणि सगळ्यांना खाली बसवायची. दोन दिवस हेच चाललं होतं. अकराजण एकमेकांकडे बघायचे, यातलं कोण दमलं असेल याचा अंदाज घ्यायचे आणि बिस्किटं खायचे. मोहीम अर्धा दिवस मागे पडली होती.

आज मात्र तिने शिट्टी मारली नाही. समोर वाट फुटत होती. एक खाली गावाकडे, एक वर खिंडीकडे. दमलेल्यांनी हात वर करा, असं ती म्हणाली. एकही हात वर झाला नाही.

"काका, नक्की कोणती मंडळी दमलीत?"

"कोनती म्हंजे? आमची मंडळी. ही काय." पुंजारामने हनुवटीने मागे बायको दाखवली.

अकराही माना लंकाबाईकडे वळल्या. तिच्या पाठीवर दोन पिशव्या होत्या. एक तिची, एक त्याची. तिला धाप लागलेली नव्हती. मागे कुणाला तरी हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

राजनंदिनीचा आवाज एकदम मऊ झाला. मावशींनी आधीच सांगायचं होतं, खालच्या गावातून दुपारी जीप निघते, त्यांना व्यवस्थित बसवून देऊ, काका आपल्याबरोबर येतील पुढे, असं ती समजुतीने बोलत राहिली.

लंकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खरं सगळं सांगावं असंही तिचं म्हणणं नव्हतं. "चालंल ती हळूहळू" एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पुंजारामने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"जा तू," तो नाडीकडे बघत म्हणाला. "म्हशीकडं बी बघायला हुईल."

तो खोटं बोलला याचं तिला काही नवल नव्हतं. खोट्यावर तिने अख्खा संसार केला होता. पण म्हैस? तीन दिवस झाले तिला म्हैस आठवली नव्हती. आणि ह्या माणसाने ती एवढ्या उंचावर आणून तिच्यापुढे उभी केली.

तिने त्याची पिशवी पाठीवरून उतरवली आणि त्याच्या पायाशी ठेवली. लुगडं वर खोचलं. एक पाय कारवीत टाकला, फांद्या दाबल्या आणि नवऱ्याच्या अंगावरून पुढे निघून गेली. सुटलेली फांदी पुंजारामच्या तोंडावर बसली. मागचे अकराजण रस्त्यावर अपघात बघावा तसे बघत राहिले.

"मॅडम, जीप ठरवूनच ठिवा," लंकाबाई म्हणाली. "मालक दमलेत."

कोणते मालक, असं राजनंदिनीने या वेळी विचारलं नाही. ती वरच्या वाटेला लागली. तिच्या मागे लंकाबाई.

पुंजाराम दोन्ही वाटांकडे बघत बसला. खाली जावं तर तिसगावचा कट्टा. वर जावं तर बायकोची पाठ. मागच्या अकराजणांना घाई झाली होती, पण कुणी ओलांडून गेलं नाही. त्यांनाही हे बघायचंच होतं. शेवटी त्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि वर निघाला.

खिंडीच्या तोंडाशी राजनंदिनी माणसं मोजायला बाजूच्या खडकावर चढली. वाटेवर सगळ्यात पुढे लंकाबाई राहिली. ती थबकली. समोर कुणाची पाठ नव्हती. लग्न झाल्यापासून तिने जे काय जग बघितलं, ते एका सदऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूने बघितलं होतं. आता मधला सदराच गेला होता. डोंगरामागे डोंगर, खाली धरणाचं पाणी, लांबवर गड, आणि डोळ्यांत पाणी आणणारा वारा.

मागून धापा ऐकू आल्या. पुंजाराम येऊन टेकला होता. वाट अरुंद, पुढे बायको उभी, आणि कितीही मान वाकडी केली तरी तिचा पदरच दिसत होता.

"काय दिसतंय गं?" त्याने विचारलं.

"लई दिसतंय," लंकाबाई म्हणाली, आणि बाजूला काही सरली नाही.