चिंचेखालचा चुडा

डॉक्टरांनी पूजाच्या उजव्या मांडीवर थंडगार जेली लावून सोनोग्राफी मशीनची मूठ टेकवली, तशी पडद्यावर दोन काळी वर्तुळं उमटली. त्यांनी मूठ हलकेच दाबली. एक वर्तुळ पापणी मिटावी तसं मिटलं आणि सोडल्यावर उघडलं.

“ही शीर. दाबली की मिटते, म्हणजे या पायात काही नाही.”

कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सकुबाईला ते बघवेना. सुनेच्या पायात डोळा असतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भर दुपारी काळे पडदे ओढून खोलीत अंधार केलेला. तिच्या पदराच्या गाठीत हिरवा चुडा होता. शहापूरहून शेणव्याला परतताना तो शिवेवरच्या चिंचेखाली ठेवायचा होता.

नऊ वर्षांपूर्वी तिची लेक भिमी बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी गेली. पूजाच्या डाव्या पायासारखाच तिचाही एक पाय भोपळ्यासारखा सुजलेला. सकुबाई तो तेलाने चोळत असतानाच पोर ‘आये, दम...’ म्हणाली आणि आडवी झाली. भगत म्हणाला, चिंचेवरच्या हडळीने नेली. तेव्हापासून सकुबाईने हडळीचा चुड्याचा मान एकदाही चुकवला नव्हता. आता ही ओली बाळंतीण तरी सोड बाई, एवढंच तिचं मागणं.

डाव्या पायाची पाळी आली. डॉक्टरांनी मूठ दाबली. वर्तुळ मिटेना. जरा वर सरकून पुन्हा दाबली. तरी ते टक्क उघडंच. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र थांबवून झटकन हात काढून घेतला.

“रक्ताची गाठ आहे. आत्ताच ठाण्याला न्यायचं. औषधाने बरं होतं, पण तोवर पाय अजिबात चोळायचा नाही. गाठ सुटली तर थेट फुप्फुसात जाते. दम लागतो आणि माणूस बघता बघता जातं. कुणी चोळला नाही ना?”

“आये चोळतात ना रोज,” पूजा कौतुकाने म्हणाली. “आज सकाळी पन चोळला. गावात त्यांच्यासारखा हात नाय कोनाचा.”



डॉक्टर गाडीसाठी फोन करायला बाहेर धावले. पडद्यावर ते वर्तुळ तसंच थिजून राहिलं होतं. त्याच्या उजेडात सकुबाईने आपले हात पाहिले. सकाळचं तेल अजून चकाकत होतं. तिने सावकाश पदराची गाठ सोडली.

अंधारात काकणं किणकिणली. पूजाने मान वळवली. सासरा गेल्यापासून सासूच्या मनगटात काहीच नव्हतं.

“आये, कोनाच्या बांगड्या वाजल्या गो?”

सकुबाईने दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले.

“जिच्या व्हत्या, तिनं घातल्या.”