थोरल्या जावेचा मान

निशा फोनवर बसली आणि सासूने साड्या विणायचा माग बंद करायला लावला. सीमाभागातल्या वडगावच्या त्या घरात माग कुणासाठी थांबत नसे. थोरली सून मंजुश्री बाळंतीण होती तेव्हाही तो उशाशी खडखडतच होता. आता धाकट्या जावेच्या ऑनलाइन नोकरीसाठी सगळं घर चिडीचूप.

आतल्या खोलीतून निशाचा गोड आवाज आला. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. नोकरी शोधणाऱ्यांना कंपनीची माहिती सांगायची, हे तिचं काम.

"दोन्ही भाषा फडाफडा बोलती बघ," चंद्राबाई सुनेच्या कौतुकाने म्हणाल्या. "कंपनीनं उगंच घेतली न्हाय तिला."

मंजुश्री मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिचे हात रागाने भरभर चालत होते.

तिचं माहेर इचलकरंजीचं. इथे येऊन ती कन्नड बोलायला शिकली, वाचायला नाही. इंग्रजीची तर बोंबच. बचत गटासाठी तिचं बँकेत खातं काढायचं झालं तेव्हा सगळी धावपळ निशानेच केली होती. बँकेचा मेसेज आला की मंजुश्री तिच्याकडूनच वाचून घ्यायची. निशाला नोकरी लागल्यापासून मात्र तिने ते बंद केलं. मेसेज आला की तसाच पुसून टाकायचा. आधीच डोक्यावर बसलेल्या बाईला आणखी कशाला विचारायचं?

खरं दुखणं वेगळंच होतं. मागावर चढवलेल्या नव्या ताण्यावरची पहिली साडी विकली की पैसे थोरल्या सुनेच्या हातात ठेवायचे, ही या घरची रीत. निशाने मात्र एक रुपया पुढे केला नव्हता.

शेवटी मंजुश्रीने विचारलंच. "पगार झाला का गं?"

"व्हय की, आक्का."

"मग दिसंना कुठं."

"जपून ठेवलाय," निशा म्हणाली आणि हसली.

ते हसणं मंजुश्रीला झोंबलं. ही वेगळी चूल मांडणार. आणि आपण जन्मभर कांड्या भरत बसणार, नावापुरती थोरली.

नोकरीच्या नावाखाली कसं फसवतात, याचा एक व्हिडिओ तिने पाहिला होता. त्यातली लक्षणं पाठ करून, नाव न सांगता, घरची थोरली सून म्हणून तिने सायबर पोलिसांना फोन लावला.

"कंपनीचं ऑफिस कुणी बघितल्यालं न्हाय, साहेब. मुलाखत व्हॉट्सॲपवर झाली. आणि नोकरी देतो म्हणून लोकांकडनं आधी पैसे भरून घेत्यात."

शेवटचं तिने पदरचं घातलं. पोलिस दारात आले की बया घाबरून नोकरी सोडेल, एवढंच तिला हवं होतं.

पोलिस आले, पण घाबरायची वेळ मंजुश्रीवर आली. खोटी तक्रार केली म्हणून ओरडतात की काय!

"थोरल्या सुनेनं केलेली तक्रार खरी निघाली," फौजदार म्हणाले. "कंपनी बोगस आहे. चिकोडीपासून कागलपर्यंत लोक बुडालेत."

निशाला रडूच फुटलं. "मला खरंच ठाऊक न्हवतं, साहेब."

"थोरली होती म्हणून घर वाचलं," चंद्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी मंजुश्रीचा हात धरला.

मंजुश्रीचं मन भरून आलं. किती दिवसांनी सासूच्या तोंडून थोरली हा शब्द आला होता! तिने निशाच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. आता ते सोपं होतं.

"एक राहिलं," फौजदार म्हणाले. "हे लोक कामाला ठेवलेल्यांना पदरचा पगार देत नव्हते. फसलेल्या माणसांनाच ते पैसे इथल्या एका खात्यात भरायला लावत होते. ज्या बाईचं खातं आहे, तिला आमच्याबरोबर यावं लागेल."

"न्या की," मंजुश्री म्हणाली. "कायदा सगळ्यांना सारखाच."

"मंजुश्री कोण?"

चंद्राबाईंच्या हातून मंजुश्रीचा हात सुटला. मग निशाने रडवेला चेहरा वर केला.

"आक्का, पहिला पगार थोरलीच्याच हातात द्यायचा असतोय न्हवं? म्हणून कंपनीला मी तुमचाच खाते नंबर दिलता."