बिननावाचा कागद

कागदावर नाव लिहायचं नव्हतं, एवढंच सुंदराला खटकलं.

चहाच्या सुटीत कॅन्टीनच्या लांब टेबलांवर सायक्लोस्टाइल कागद वाटले गेले. डावीकडे 'कंपनीत काय आवडते', उजवीकडे 'काय आवडत नाही', मधे उभी रेघ. मुंबईच्या ऑफिसातून आलेले साहेब म्हणाले, "मोकळेपणानं लिहा. दोन वर्षांत एका शेडच्या तीन शेड झाल्या, चाळीस बायकांच्या अडीचशे झाल्या. एवढ्या मोठ्या घरात कुणाचं काय दुखतंय ते आम्हाला कळत नाही. नाव घालू नका, म्हणजे भीती नको."

शेजारच्या सोनुबाईनं पेन्सिलीला थुंकी लावली. "मी लिवते, आमटीतली डाळ शोधाया एक टॉर्च द्या. आन् मोरीत जायाला चिठ्ठी मागावी लागती, त्ये पन लिवते. येवढं तर सासूला बी इचारलं नाय कदी."

टेबलावरच्या सगळ्या हसल्या. सुंदरा हसली नाही. तिनं डाव्या हातानं कागद दाबून धरला आणि पहिली ओळ लिहिली : इथे मला सगळे अहो म्हणतात.

गावी, पळसदरीत, ती 'ए सुंदरे' होती. माहेरी तशी, सासरीही तशीच. इथे बिल्ल्यावर तिचं पुरं नाव होतं. हॉल थंड असतो, तिनं लिहिलं. स्टुलाला पाठ आहे. आजारी पडले तेव्हा साहेबांनी विचारलं. लिहिता लिहिता डावी बाजू खालपर्यंत भरली.

उजवी बाजू तशीच राहिली. लिहायचं होतं एकच. ती कामाला लागली तेव्हा टीव्हीच्या आतले बोर्ड दिवसाला साठ करायचे होते. मग ऐंशी झाले, आता शंभर. साठ होते तेव्हा प्रत्येक बोर्डाआधी हात पुसायला सवड मिळायची. पण हे लिहायचं तर हाताचंही लिहावं लागलं असतं.

तिच्या तळहातांना घाम यायचा. थंडीत यायचा, बसल्या जागी यायचा. बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघांना तो लागला की चार दिवसांनी तिथे बोटाच्या आकाराचा हिरवा डाग धरायचा. बोटांना रबरी टोप्या घालून पाहिल्या, तर आत घाम साठून त्या निसटायच्या. मागच्या आठवड्यात बावीस बोर्ड परत आले. सुपरवायझर भिवाजी त्यातला एक हातात धरून टेबलाटेबलाशी फिरला होता. "कुनाचा हात ओला हाय, सांगा बायांनो. मी रागावणार नाय. पॅकिंगला पाठवू." पॅकिंग कंत्राटदाराकडे होतं. तिथे बिल्ला नव्हता, आणि तिथून हॉलमध्ये परत कोणी आलेलं नव्हतं.

तुरटी झाली, बाभळीचा पाला झाला. शेवटी तिनं सोमवार धरले. माणसं देवाजवळ मूल मागतात, कुंकवाचं आयुष्य मागतात. हात कोरडे कर, असं मागायची तिला लाज वाटायची, तरी मागितलं. आजचा पाचवा सोमवार. सकाळी महादेवाचा अंगारा तिनं कपाळाला लावला, उरलेला रुमालाच्या गाठीत बांधून आणला. सकाळी हॉलमध्ये शिरताना हात धुवायचेच असतात, म्हणून चहाच्या सुटीत तो दोन्ही तळव्यांना चोळला. आणि खरंच, थोडा वेळ हात कोरडे राहिले. त्याच भरवशावर तिनं कागद दाबून धरला होता.

साहेब गोळा केलेले कागद चाळत होते. एकाएकी थांबले.

"हे बघा! आवडतं त्या बाजूला जागा पुरली नाही, आणि नावडतं त्या बाजूला अक्षर नाही. कोण या बाई?"

साहेबांनी कागद उंच धरला. अक्षरांच्या डाव्या अंगाला राखाडी पंजा उमटला होता, पाची बोटांसकट, आणि तेवढा भाग ओलावून फुगला होता.

"नाव नसलं तरी चालेल. भिवाजी, हा नोटीस बोर्डावर लावा. नव्या बायकांना वाचू दे."

सोनुबाईनं कागदाकडे बघितलं, मग सुंदराच्या मांडीवरच्या मुठींकडे. तिची चेष्टा कुठल्या कुठे गेली. "सुंदरे, ऊठ," ती कुजबुजली. "हात धू जा. आन् कपाळ पूस आदी."

सुंदराचा हात कपाळापर्यंत गेला. देवाचा अंगारा, आणि उपास सुटायचा होता अजून. हात तसाच खाली आला.

भिवाजीनं कागदाला चार कोपऱ्यांत चार टाचण्या मारल्या. मग तो मागे सरला आणि उभाच राहिला. तो अक्षरं वाचत नव्हता. परत आलेला बोर्ड आठ दिवस त्याच्या खिशात होता. तो त्यानं काढून कागदाशेजारी धरला, पुन्हा खिशात घातला. मग वळला. एकेका टेबलावरून, एकेका कपाळावरून त्याची नजर सावकाश येत गेली आणि थांबली.

तो चालत आला. आवाज त्यानं मुद्दाम खाली ठेवला होता.

"सुंदराबाई, जरा हात दाखवता का?"

तिनं टेबलाखालचे दोन्ही हात वर आणले.

नोटीस बोर्डापाशी बायका जमल्या होत्या, आणि साहेब त्यांना पहिली ओळ मोठ्यानं वाचून दाखवत होते.