संवेदना पूर्ववत

"कळतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

कापसाचा बोळा डाव्या स्तनाग्रावरून उजव्यावर गेला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तिचं हो. डॉक्टर समाधानाने वळले आणि फाईलमध्ये लिहू लागले. स्तन लहान करायच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. टाके मुरले होते, आकार नेटका आला होता, खांद्यांवर रुतणाऱ्या ब्राच्या पट्ट्यांचे वळ पुसट झाले होते. शेवटच्या रकान्यात त्यांनी 'संवेदना पूर्ववत' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

टोपणाचा टक् आवाज झाला आणि तिला स्वतःचाच संताप आला. कारण एवढा वेळ ती डॉक्टरांच्या हाताकडे बघत होती.

तिचं काम कान तपासण्याचं. गेली अठरा वर्षं ती लोकांच्या कानांवर हेडफोन चढवते, बारीक आवाज सोडते आणि ऐकू आलं की बोट वर करा म्हणते. तिच्या खोलीत एक नियम पक्का, माणसाला पाठमोरं बसवायचं. तोंड तिच्याकडे असलं की लोक तिचा हात बघतात आणि बटण दबलं की बोट वर करतात. ठार बहिरासुद्धा पैकीच्या पैकी मार्क मिळवतो. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना फक्त पास व्हायचं असतं. हे तिने शिकायला आलेल्या मुलींना शंभरदा सांगितलं होतं. आणि स्वतः? लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

उजवीकडचं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. ऑपरेशनचा पश्चात्ताप नव्हता. वीस वर्षं मान आणि पाठ मोडून घेतल्यावर ती आता सरळ चालत होती. पण अंघोळीचं पाणी डावीकडे ऊन लागायचं आणि उजवीकडे लागायचंच नाही. नवऱ्याचा हात तिथे आला की तो दुसऱ्याच कुणाच्या अंगावरून फिरतोय असं वाटायचं. थोरल्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं, हे काय कुणाला सांगायचं असतं? तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिने ऑपरेशनआधी विचारलं नव्हतं असंही नाही. डॉक्टर तेव्हा हसले होते. ट्रे धरून उभ्या असलेल्या सिस्टरांकडे बोट दाखवून म्हणाले होते, यांचंही मीच केलंय, यांनाच विचारा. काही होत नाही ताई, सगळं पहिल्यासारखं होतं, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून तिने सही केली होती.

आजही सिस्टर तिथेच उभ्या होत्या, तोच ट्रे धरून.

"डॉक्टर, ते खोडा," ती म्हणाली. "पुन्हा तपासा. मी डोळे मिटते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाहेर आठ जणी बसल्यात म्हणाले. ती हलली नाही. मग त्यांनी समजुतीचा सूर लावला.

"हे बघा, तुमची मुलं मोठी झाली. आता काही दूध पाजायचं नाही. थोडं कमीजास्त झालंच असेल, तर त्याचं एवढं काय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र खालीच राहिला.

"माझ्याकडे ऐंशी वर्षांचे आजोबा येतात. आता ऐकून काय करणार, असं मी त्यांना विचारत नाही."

डॉक्टरांनी बोळा उचलला. तिने बजावलं, कळतंय का असं विचारायचं नाही. कळलं की तीच 'आता' म्हणेल. तिने डोळे मिटले.

डावीकडे बोळा टेकला. "आता," ती म्हणाली. परत टेकला. "आता." मग ती वाट बघत राहिली. पंख्याची घरघर, दाराबाहेर कुणाचं तरी खोकणं, घड्याळाचा काटा, सगळं तिला नीट ऐकू येत होतं. डॉक्टर पुन्हा फाईल बघत असावेत असं तिला वाटलं.

"उजवीकडे सुरू करा ना," ती म्हणाली.

मग सिस्टरांचा आवाज आला.

"पाचदा लावून झालं, ताई."

तिने डोळे उघडले. बोळा अजून उजव्या स्तनाग्रावरच होता. माहीत असलेलीच गोष्ट, तरी तिला रडू फुटलं, आणि तेही रागाचंच. डॉक्टर घाईने सांगू लागले की अशा ऑपरेशनात नसा दुखावतात, काहींची संवेदना वर्षा-दीड वर्षात परत येते, काहींची येत नाही, पुस्तकात दिलेलंच आहे. पुस्तकात होतं तर सहीआधी तुमच्या तोंडात का नव्हतं, असं तिने विचारलं. कळलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं, ती म्हणाली, पण ते मी ठरवलं असतं.

डॉक्टरांनी 'पूर्ववत' खोडलं. खोडता खोडता त्यांनी मागच्या कपाटाकडे हात केला. तिथे फायली दाटीवाटीने उभ्या होत्या.

"चारशे बायका झाल्या माझ्या हातून," ते म्हणाले. "एकीचीही अशी तक्रार नाही. तुमची पहिली."

सिस्टरांनी ट्रे टेबलावर ठेवला. कपाटाशी जाऊन अगदी खालच्या कप्प्यातली एक जुनी फाईल काढली, धूळ पदराला पुसली आणि ती डॉक्टरांपुढे उघडून ठेवली.

"यातलंही खोडा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझेही डोळे उघडेच होते."